नाल्यावरची तार

परवा तुम्ही तरुण इंजिनियर मंडळींनी फोनवर तुमचं काम दाखवलंत. पडद्यावर केबलची दोन टोकं पक्की केली की मधला भाग आपल्या वजनानं खाली येतो. तुम्ही एक टोक खाली ओढलंत, तसा सगळ्यात खोल बिंदूही त्या बाजूला सरकला. मी ओळखीचं माणूस दिसल्यासारखी बघत राहिले.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी अमरावतीहून गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि अकोल्याच्या एका वीज कचेरीत नकाशे गिरवायला लागले. खेड्यांकडे विजेच्या तारा नेण्याचं काम चाललं होतं. आमचे वयस्कर ड्राफ्ट्समन प्रत्येक दोन खांबांमधला झोळ एकाच लाकडी साच्यानं काढत, खोल भाग नेमका मधोमध.

पातूरच्या बाजूला एका नाल्याच्या काठांवर दोन खांब यायचे होते, एक उंचावर, एक सखलात. सखल खांबाजवळून गाडीवाट जात होती. नकाशात तार नाल्यावर सर्वांत खाली होती आणि वाटेवर भरपूर उंच. मला ते पटेना. त्या वाटेनं कापसाच्या गाड्या जात आणि कापसावर माणूस बसलेला असे. सोमवारी तार ओढायची होती.

शनिवारी मी कापसाच्या जिनिंगच्या आवारात बांबू घेऊन गेले आणि भरलेली गाडी वरच्या माणसासकट मोजली.

गाडीवान वरूनच म्हणाला, "काहून मोजून राहिल्या जी बाई? गाडीले आंगडं शिवता काय?"

"शिवते. हात वर करा, बाहीचं माप राहिलं."

त्यानं खरंच हात वर केला. तेही माप मी लिहिलं.

कचेरीत येऊन फळा उभा केला, चौकटीचा कागद लावला, दोन्ही खांबांच्या जागी टाचण्या ठोकल्या. तारेच्या लांबीच्या प्रमाणात गळ्यातली सोनसाखळी अडकवली. खोल भाग सखल खांबाकडे, थेट वाटेवर आला. कागदावर मापानं काढलेल्या गाडीवानाचा हात साखळीच्या वर जात होता.

मी साहेबांना बोलावलं. तार ओढणारे मिस्त्री तिथंच होते.

"बाई, हे सोनं हाय," मिस्त्री म्हणाले. "आमची तार अल्युमिनची. सोन्यावानी लाडात थोडीच लोंबते?"

ड्राफ्ट्समन हसले. "तीस वर्षं हा साचा चालतोय."

"तुमची किल्ल्यांची साखळी द्या," मी मिस्त्रींना म्हटलं.

ती लोखंडी होती, जाड. तेवढीच लांबी मोकळी ठेवून त्याच टाचण्यांना लावली. झुलायची थांबली तेव्हा माझ्या साखळीवर बरोबर बसली. मिस्त्रींनी बोटानं दोनदा हलवली. दोन्ही वेळा ती तिथंच परत आली.

ते साहेबांकडे वळले. "बाई बराबर म्हणते साहेब. सोमवारी मी इथं तार नाही ओढत. माणूस मरन."

साहेबांनी सखल बाजूला उंच खांब लिहून दिला. ड्राफ्ट्समन जागेवर जाऊन बसले. मला त्यांचं वाईट वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता. त्याच साच्यानं काढलेले नकाशे आणखी कितीतरी ठिकाणी जाणार होते. मी माझी साखळी टाचण्यांवर तशीच ठेवली आणि ड्राफ्ट्समनना म्हटलं, "दादा, कपाटाची किल्ली द्या. उंचसखल खांबांचे सगळे कागद आज काढू."