पाचव्या चौकटीतलं गवत

दाऊदभाई गेल्याचं मला पुण्यात कळलं, सुट्टीत, आईच्या घरी. ओमानमधल्या सूर बंदराहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला... "चाचा गेले, मॅडम. काल. दफनही झालं." आईने विचारलं, कोण गेलं? "आमच्या बोटीचे नाखवा," मी म्हटलं, आणि ते उत्तर मलाच फार तोकडं वाटलं. तिथल्या माझ्या सहा वर्षांत मी ज्यांच्याशी रोज मराठीत बोलले, असे ते एकटेच होते.

ते रत्नागिरीकडचे. उभी हयात सूरला अर्बाबच्या, म्हणजे तिथल्या अरब मालकाच्या, बोटीवर गेली. माझं काम समुद्रगवताचं. किनाऱ्यावरच्या बागांचं खत पाण्यात उतरतं, त्यावर शेवाळ माजतं आणि खालच्या गवताचा उजेड अडतो. असं गवत किती तग धरतं हे पाहायला आम्ही उथळ खाडीत चौकटी ठोकल्या होत्या. काहींत खताच्या पुरचुंड्या ठेवल्या, काहींतलं शेवाळ काढायचं, काहींतलं मुद्दाम राहू द्यायचं. "पुण्याची बाई दर्यात गवत मोजायला आलीय," असं दाऊदभाई बंदरावर कौतुकाने सांगायचे. वर मलाच विचारायचे, "म्हैस कुठं बांधलीय?"

पाचव्या चौकटीत खत होतं आणि शेवाळही राहू द्यायचं होतं. तिथलं गवत मरायला हवं होतं. ते काही मरेना. मी महिनाभर डोकं खाजवत बसले. शेवटी कळलं की दर शुक्रवारी दाऊदभाई एकटेच जाऊन तिथलं शेवाळ हाताने उपटत होते, मवालेहच्या भाजीबाजारातून आलेल्या कांद्यांच्या लाल जाळीच्या पिशवीत भरून. मी बोटीतच त्यांच्यावर ओरडले, "वर्षभराचं काम मातीत घातलंत तुम्ही!" ते मान खाली घालून म्हणाले, "गुदमरत होता, मॅडम... डोल्यांदेखत कसा मरू देऊ?" मी तक्त्यात पाचव्या चौकटीपुढे 'बाद' लिहिलं.

ते मात्र शुक्रवारी जातच राहिले. पुढे मीही जाऊ लागले. मी पाण्यात उभी राहून पिशवी भरायची, ते वरून हात पुढे करायचे, "यल्ला, द्या इकडं." माफी मागायची राहूनच गेली. सुट्टीहून आल्यावर मागू, असं ठरवलं होतं... याची आता फार लाज वाटते.

परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी खाडीत गेले. बोटीवर नवा माणूस होता, फळीखाली कांद्याची पिशवी तशीच खोचलेली. पाचवी चौकट शेवाळाखाली दिसतही नव्हती. मुठीमुठीने ते ओढून काढलं. पाती पिवळी पडली होती, पण बुडाशी हिरवे कोंब होते. शेवाळ राहू दिलेल्या बाकीच्या खताच्या चौकटींत केव्हाच नुसती वाळू उरली होती. "दाऊदभाई, आहे हो अजून," मी मोठ्याने म्हणाले आणि भरलेली पिशवी सवयीने वर धरली. नवा माणूस पाठ करून मोबाईल बघत होता. पिशवीतलं पाणी माझ्या कोपरांवरून गळत राहिलं, आणि हात भरून आले तरी मी ती तशीच धरून उभी होते.