गिरणीने मागितलेला पंखा
परवा गादीचा कापूस पिंजायला काढला आणि त्या कोरड्या धुळीच्या वासाने मला मलकापुरातली आमची खोली आठवली. वडील तिथल्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रात कापूस घालायचे; संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा म्हणून मी मालकांना दोनदा अर्ज लिहून दिला होता. मग जिनाचा कापूस घेणाऱ्या मुंबईच्या गिरणीने कळवले की धूळकट गाठी यापुढे घेणार नाही, आणि महिनाभरात पंखा बसला. तोवर वडिलांनी अंथरूण धरले होते. मी बातमी सांगितली. “तुह्या अर्जावर बसवला?” त्यांनी विचारले. “नाही बाबा. गिरणीले साफ कापूस पाहिजे होता.” ते खोकत हसले. “कापसाचं नशीब चांगलं हाये बे.” मग दम घेऊन म्हणाले, “आता तिथली हवा साफ झाली असंन. सोमवारपासून जातो मी कामाले. जाऊ ना?” फार दिवस उरले नाहीत, असे डॉक्टरांनी मला सकाळीच सांगितले होते. मी “हाव” म्हणालो आणि त्यांचा कामाचा सदरा धुऊन वाळत घातला. सोमवारी तो घालून ते दारापर्यंत गेले आणि परत येऊन खाटेवर बसले. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठा आहे. अजून वाटते, निदान एकदा त्यांना बैलगाडीत घालून ती हवा दाखवायला न्यायला हवे होते.