राजीखुशीने

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही, पण आता आत ठेववत नाही.

संस्थानिकांचे तनखे बंद झाले त्या सुमारास आमचे सरकार — विलीन झालेल्या एका चिमुकल्या संस्थानाचे राजे — भंडारदऱ्याला एका साध्या बंगलीत राहत होते. काचबिंदूने नजर गेलेली. त्याआधी त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या होत्या, सगळ्या मोडीत. मी नगरला शाळामास्तर, मोडी वाचणारा. शिवाय माझे वडील त्यांचे कारभारी होते. सुटीत एसटीने जायचं, पानं वाचून दाखवायची, छापखान्यासाठी बाळबोधीत उतरवायची — हे काम माझ्याकडे आलं.

एका पानावर मी अडखळलो. तिथे लिहिलं होतं — विलीनीकरणाचा कागद माझ्या वडिलांनीच पुढे ठेवला होता, नुसता दळणवळणाचा करार आहे असं सांगून. सरकारांनी विश्वासाने, न वाचता सही केली. राज्य गेलं.

सरकारांना माझं थांबणं कळलं. म्हणाले, "मास्तर, वडिलांचं नाव आहे. नको असेल तर सांगा, खोडू."

किती सोपं होतं, नाही? पण मला फुकटचा मोठेपणा हवा होता. म्हणालो, "खरं आहे ते राहू द्या, सरकार." आणि घरी येऊन — काय केलं मी? 'न वाचता' काढून लिहिलं, 'पूर्ण वाचून, राजीखुशीने'. वडिलांचं नाव गाळलं. छापखान्यातून तपासायला आलेली मुद्रितं वाचून दाखवताना मात्र मूळचंच वाक्य म्हटलं. पाठ होतं ना.

पुस्तक निघालं. येईल त्याला सरकार सांगत, या मास्तरांनी बापाची चूक झाकली नाही. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

मग त्यांचा एक जुना शिपाई आला. अक्षरओळख नव्हती, गावच्या चावडीवर पुस्तक ऐकून तडक निघालेला. "सरकार, तुमी वाचून, खुशीनं राज देऊन टाकलं? आन् आमी इतकी वर्सं तुमच्यापायी रडत बसलो?"

सरकारांनी चाचपून पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाचा."

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? छापील ओळीवर बोट ठेवून मी मोडीतलं वाक्य वाचलं — वडिलांच्या नावासकट, शब्द न् शब्द. आवाजही कापला नाही. त्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

शिपाई ओशाळला. चावडीवरच्यानं खोटं वाचलं, माझं चुकलं, म्हणाला. त्यानं सरकारांचे पाय धरले. मग माझे धरले.

मी धरू दिले.