ॲल्युमिनियम वर्ज्य

जयप्रकाश शिगवण ओमानमधल्या सोहारच्या एका ॲल्युमिनियम कारखान्यात उपकरण-तंत्रज्ञ आहे. कंट्रोल रूममध्ये विनाकारण वाजणारे अलार्म हुडकून ते गप्प करणे, हा त्याच्या कामाचा मोठा भाग. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असे त्याचे सहकारी म्हणतात, आणि तो ते नाकारत नाही.

सुट्टीच्या दिवशी तो मेटल डिटेक्टर घेऊन समुद्रकिनारी जातो. या छंदाचे तर्कशास्त्र मुळातच विचित्र आहे. जुन्या बंदराच्या गावात काही पुरातन सापडले, तर ते सरकारजमा करावे लागेल हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे फार मोठे यश त्याला परवडणारे नाही. प्रत्यक्षात ती वेळ आलेली नाही. तंबूच्या खुंट्या, कबाबच्या सळया, मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजने ही त्याची आजवरची मिळकत. ओली खारट वाळूसुद्धा कधी कधी धातू असल्यासारखी बोलते. या सगळ्यात त्याला असह्य होती ती ॲल्युमिनियमची कटकट : शीतपेयांच्या डब्यांच्या ओढायच्या चाव्या, शावरम्याचे चुरगळलेले चंदेरी कागद. यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक धातूचा अंदाजे आकडा उमटतो. जयप्रकाशने ॲल्युमिनियमचे आकडे पहिल्याच महिन्यात कायमचे बंद करून टाकले.

"आठवडाभर त्याचंच खातो," तो म्हणायचा, "सुट्टीत तरी त्याचं तोंड नको."

एका शुक्रवारी सकाळी त्याने बायकोला, मैनाला, आपला छंद समजावून सांगायचे ठरवले. शेजारच्या इमारतीतला श्रीवर्धनचा सिराज आणि त्याची बायको तस्नीमही चटई, थर्मास घेऊन आली होती. कबाबच्या सळईवर यंत्र खणखणले, तेव्हा जयप्रकाशने कौतुकाने हेडफोन मैनाच्या कानांवर चढवले. ते काढताना वायर मंगळसूत्रात अडकली आणि सूत्र तुटले. काळे मणी तस्नीमने एकेक करून ओढणीत गोळा केले. एक वाटी मैनाच्या मुठीत राहिली, ती सासरची. माहेरची वाळूत गेली.

पुढच्या आठवड्यात चिपळूणला मैनाच्या भावाचे लग्न होते. लेक दारात आली की आईची नजर आधी कुठे जाईल, हे मैनाला सांगावे लागत नव्हते.

जयप्रकाश मात्र मनातून सुखावला होता. यंत्राचा उपयोग काय, या घरच्या जुन्या प्रश्नाला उत्तर द्यायची ही पहिली संधी. त्याने काठीने चौकोन आखला आणि तो उभा, मग आडवा, पद्धतशीर पालथा घातला. यंत्र गप्प.

"इथे नाही," तो कंट्रोल रूममधल्या स्वरात म्हणाला. "लाटेने नेली असणार."

"लाट चटईपर्यंत आलीच नाही," मैना म्हणाली.

"यंत्र खोटं बोलत नाही गं."

"बोललंय कुठे ते?"

सिराज चहा ओतता ओतता म्हणाला, "वैनी, ते मशीन नवऱ्यावर गेलंय. दुसऱ्याची सळई बरोबर दाखवतं, घरचं सोनं दिसत नाय."

मैनाने मूठ उघडली. सासरची वाटी तिने सर्वांच्या देखत वाळूवर ठेवली.

"हिला वाजवून दाखवा."

जयप्रकाशने यंत्र वाटीवरून फिरवले. मग पुन्हा, अगदी खाली नेऊन. यंत्राने हूं की चूं केले नाही. सिराज हसायचा थांबला.

कारण जयप्रकाशला उभ्या उभ्या कळले. पातळ सोन्याचा आकडा ॲल्युमिनियमच्याच आकड्यांत येतो. त्याने ज्यांची तोंडे बंद केली, त्यांत सोनेही होते. आजवर ज्या किनाऱ्यांना त्याने 'काही नाही' असे प्रमाणपत्र देऊन टाकले होते, ते सगळे त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. त्याने मुकाट्याने बंद आकडे उघडले.

किनारा एकदम बोलू लागला. चौकोनाच्या इंचाइंचातून आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाज सोन्याइतकाच गोड होता. तस्नीमने पिशवी धरली. चावी, कागद, पुन्हा चावी.

"तुझ्याच कारखान्याचा माल परत चाललाय," सिराज म्हणाला. "यल्ला, चल, खण."

उन्हाला धार चढली तेव्हा, जयप्रकाशच्या पहिल्या फेरीच्या पाऊलखुणेखालीच, तसाच एक आवाज आला. चावीच असणार म्हणून त्याने वैतागून वाळू उपसायची जाळीची पळी जोरात खुपसली. वर आली ती वाटी. काठाला पळीचा ठळक पोचा पडलेला.

मैनाने ती पदराने पुसली आणि दुसरीशेजारी तळहातावर धरली. एकाच सोनाराने एकाच साच्यात घडवलेल्या दोन वाट्या. पोचा सोडला, तर त्यांच्यात फरक नव्हता.

"आता तुझ्या आईंना काय सांगशील?" जयप्रकाशने विचारले.

"काही नाही," मैना म्हणाली. "पोचा पडलाय ती सासरची."

जयप्रकाशने तोंड उघडले, सिराजकडे पाहिले आणि मिटले. मग त्याने यंत्रही बंद केले.