सलोनीचा पिवळा रकाना

नानाजींचे दोन भाऊ मी गायब केले. बोंडअळीच्या वर्षी नुकसानीचे अर्ज भरायचं सॉफ्टवेअर यवतमाळच्या आमच्या छोट्या ऑफिसात तयार होत होतं. चारशे बारा चाचण्यांपैकी सदतीस अडून बसत, म्हणून मी त्या वगळायला लावल्या आणि रिपोर्टात ठोकून दिलं, ‘सगळ्या पास.’ एका सातबाऱ्यावर अनेक भावांची नावं असली तर काय, ही चाचणी त्यातलीच. राळेगावात पहिलाच अर्ज आला तो शेतकरी नानाजींचा. पडद्यावर त्यांचं एकट्याचं नाव उमटलं.

"अहो, माहे दोन भाऊ कुठी गेले? सकाळी तं घरीच होते!"

सदाशिवसाहेबांनी रिपोर्टाचं काम माझ्याकडून काढून ऑफिसातल्याच, आर्णीच्या सलोनीकडे दिलं. टीम लीडची जागा रिकामी होती, आणि ती आपलीच, असं मी बायकोला सांगूनही बसलो होतो.

सलोनीनं पास आणि नापासच्या शेजारी तिसरा, पिवळा रकाना काढला: ‘तपासल्या नाहीत.’ पुढे प्रत्येकीचं कारण. तिची आई तानाबाई कापसाच्या वेचणीवर देखरेख करते. वेचायची राहिलेली ओळ असली की टोकाच्या पऱ्हाटीला चिंधी बांधते, म्हणजे संध्याकाळी कोणी ‘झालं सारं’ म्हणू नये. पोरीनं ती चिंधी थेट कॉम्प्युटरला बांधली होती!

माझी जळजळ काय सांगू! तिच्या डब्यातली ज्वारीची भाकरसुद्धा माझ्या पोळीपेक्षा गोल दिसायला लागली. राळेगावहून फोन आला की, "सलोनी मॅडम हायेत काय?" अरे, मी काय इथे पंखा आहे?

शेवटच्या रिपोर्टात तिनं अकरा पिवळ्या दाखवल्या. मी मनात पेढे वाटले. आता गिऱ्हाईक हिला झापणार! तर गिऱ्हाईक म्हणतं, "बरं झालं सांगितलं. तेवढे अर्ज आम्ही हातानं भरतो." दुपारी साहेबांनी टीम लीडची खुर्ची तिला दिली. चहा मात्र मला सांगायला लावला.

चहा देताना मला राहवलं नाही. "सलोनी, खरं सांग. बारा वर्षं झाली मला इथे. असं काय येतं तुला, जे मला येत नाही?"

तिनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"मी पाह्यलं नसन तं ‘पाह्यलं नाही’ म्हणतो, अवधूतभाऊ, तुमच्या तोंडून ते निघतच नाही."