ताटातली जागा

उमेळे गावातली केळीची वाडी सोडून फुलपाड्याच्या फ्लॅटात येऊन तीन वर्षं झाली तरी ताट वाढताना लीलाचा हात कधी अडखळला नव्हता. मीठ वर, लिंबू आणि कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भाताची मूद मध्ये. चाळीसएक वर्षं दिनानाथसमोर ती असंच ताट ठेवत आली होती. वाडीतून केळीचे घड उतरवून तो यायचा, हातपाय धुवायचा, ताटाभोवती पाणी फिरवायचा आणि मान खाली घालून जेवायचा. त्यानं हात धुतले की मग तिनं आपलं वाढून घ्यायचं.

वाडीच्या जागी आता इमारत उभी राहत होती. आणि २००२ च्या एप्रिलात दिनानाथच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. महिनाभरात साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुपारचा भात बंद झाला. केळं तर नावालाही नको.

सून सीमा दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंकडून एक कृती लिहून घेऊन आली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सॅलड. खाली शिजवून गार केलेला दलिया, गुलाबी जामची फळं, पपईच्या दोन फोडी, काकडी, थोडी कैरी, पुदिना, लिंबू.

लीलानं विचारलं, हे कशाबरोबर खायचं?

"कशाबरोबर नाही, आई. हेच जेवण," सीमा म्हणाली आणि कामावर गेली. आपला प्रश्न तिला समजलाच नाही असं लीलाला वाटलं.

दलिया म्हणजे लापशी, एवढं तिला ठाऊक होतं. लापशी गोड असते, आजाऱ्याला गरम गरम देतात. ही आंबट करायची होती आणि गार. तिनं दाणा फुटेल एवढाच शिजवला, चाळणीवर ओतला, परातीत पसरला. पंख्याखाली दलिया निवत होता आणि ती बाजूला उभी होती. मुद्दाम निववलेलं अन्न तिनं आजवर तान्ह्या पोराला भरवलं होतं, नाहीतर पितृपक्षात कावळ्यासाठी कौलांवर ठेवलं होतं. दिनानाथ या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते तिला कळेना.

शेजारच्या ग्रेसीनं माहेरच्या झाडाचे जाम दिले होते. ते चिरले, बाकीचं चिरलं, लिंबू पिळलं, पुदिना चुरडून टाकला. वास चांगला आला. मग ताट समोर घेतलं आणि हात थांबला.

पहिल्या दिवशी तिनं ते डावीकडे वाढलं, कोशिंबिरीच्या जागी. बाकी ताट मोकळं. दिनानाथनं बोटानं चाटलं आणि वाट पाहत बसला. ती दारात उभी राहून त्याचं खाऊन व्हायची वाट पाहत होती. त्याचा हात वाळला.

"पुढचं येऊ दे."

"पुढचं काही नाही. हेच आहे."

त्यानं मान वर केली. "कसला राग आलाय गो तुला?"

राग कुठला, हे तिलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तिनं ते उजवीकडे भाजीच्या जागी वाढलं, तर त्यानं भाकरी मागितली. तिसऱ्या दिवसापासून ताटच काढलं नाही. काचेचा वाडगा आणि चमचा दिला. त्यानं सगळं निमूट संपवलं, वाडगा सरकवला आणि टेबलापाशीच बसून राहिला. तो उठेना म्हणून तिला आपलं वाढून घेता येईना. साडेतीनला तो खाली फेरी मारायला गेला, तेव्हा ती उपाशीपोटी मोरीपाशी भिंत धरून उभी होती.

ग्रेसीनं दारातून नेहमीसारखं विचारलं, जेवलात? लीला मनात म्हणाली, हे जेवले असतील, तर आपण का जेवलो नाही?

सातव्या दिवशी ग्रेसी आत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकी, सांगू की नको असं झालंय. काका रोज नाक्यावर केळ्याच्या गाडीपाशी असतात. काल चार खाल्ली."

दिनानाथनं जन्मात केळं विकत घेतलं नव्हतं. तो आला तेव्हा लीलानं आधी त्याच्या अंगठ्याच्या पट्टीकडे पाहिलं.

"केळी खाल्लीत?"

"खाल्ली. भूक लागली होती."

"सबंध वाडगा संपवलात की दुपारी."

"ते खाल्लं. जेवलो नव्हतो."

तो खोटं बोलत नव्हता, आणि हेच तिला भारी पडलं. रागवायचं तरी कशावर. संध्याकाळी सीमा टेबल पुसताना सहज म्हणाली, बाबांची ती पाणी फिरवायची सवय सुटली वाटतं, हल्ली सनमायका कोरडा असतो. लीला तशीच उभी राहिली. सात दिवस त्यानं पाणी फिरवलं नव्हतं. सात दिवस त्याचं जेवण सुरूच झालं नव्हतं.

आठव्या दिवशी तिनं ताट घेतलं. वर मीठ, डावीकडे लिंबाची फोड आणि चिरलेली काकडी, उजवीकडे पपई, कैरी आणि जाम. पुदिना लावलेला दलिया वाटीत दाबून भरला आणि मध्ये उपडा केला. मूद सुटली, कडेनं जराशी ढासळली. आपण कोणाला फसवतोय का, असं तिच्या मनात आलं, पण ताट ठेवून झालं होतं.

दिनानाथनं मुदीकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याचा हात पेल्याकडे गेला. ताटाभोवती पाणी फिरलं आणि सनमायकावरून ओघळून खाली तिच्या पायाशी टपकलं. त्यानं मूद फोडली, लिंबू पिळलं, कालवलं, मान खाली घातली.

हात धुऊन पुसताना तो म्हणाला, "आज भात गार होता."

त्याला कळलं होतं की नव्हतं? तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तिथं काही दिसलं नाही. तो पलंगावर आडवा झाला.

लीलानं आपलं ताट वाढून घेतलं, तसंच, मुदीसकट. जेवताना आणि जेवून झाल्यावरही ती दाराकडे पाहत राहिली. साडेतीन वाजले, मग चार. त्याच्या चपला दारात जागच्या जागी होत्या. तोंडात उरलेली चव आंबट की गोड ते तिला अजून ठरवता येत नव्हतं.