पहिली हाक

महिन्याभरापूर्वी एका सकाळी शेजारचे पाटील आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. मसाटच्या कंपनीतून रात्रपाळी संपवून ते रोज याच वेळी परततात, पण त्या दिवशी ते दवाखान्यातून आले होते. फाटकाची कडी हातात धरून म्हणाले, "निमी नाही राहिली." त्यांच्या मुलीला, निमाला कावीळ झाली होती, हे मला ठाऊक होतं. तिशीच्या आतलं माणूस काविळीने इतक्या लवकर जातं, हे ठाऊक नव्हतं. मी त्यांना आत घेतलं. बायकोने चहा ठेवला. तो तसाच निवला...

मी मूळचा चिपळूणकडचा. सरकारी नोकरीत, हिशेबाच्या खात्यात. सिल्वासाला बदली झाली तेव्हा पाटलांचं बिऱ्हाड धुळ्याकडून नुकतंच आलेलं होतं. नवे कारखाने उठत होते, गावाकडची माणसं येत होती. निमाला सातवीनंतर पॅकिंगच्या कामाला लावायचं जवळजवळ ठरलं होतं. पण तिच्या शाळेतल्या एक बाई संध्याकाळच्या येऊन पाटलांच्या ओट्यावर बसत आणि उठता उठत नसत. शेवटी पाटील वैतागून म्हणाले, "घ्या तुमची पोरगी, शिकवा!" निमा हे हसत हसत सांगायची, पण विसरली नव्हती. बारावी होताच तिने दोन मैत्रिणींना गोळा केलं आणि वासोण्याच्या पलीकडच्या एका वारली पाड्यावर जायला लागली. मुलींना घरून उठवून शाळेपर्यंत न्यायचं, एवढंच काम. कधी रेडिओवर सांगत की परदेशात कुठे विशीतली पोरं मुलींच्या शाळेसाठी सभा घेतात. ती म्हणायची, "त्यांच्याकडे सभा, आपल्याकडे पाडा. काम तेच, हिशोबकाका." मला ती हिशोबकाका म्हणे. एकदा मी विचारलं, या पायपिटीतून निघतं काय? तर म्हणाली, "कंपनीवाले पोरीच्या आठ तासांचा हिशोब ठेवतात. तिच्या गेलेल्या वर्षाचा तुम्ही तरी ठेवा ना!"

सुरुवातीला निघत काहीच नव्हतं. हिवाळ्यात दमणगंगेवरून धुकं येतं, झोपड्या दिसत नाहीत, नुसता चुलीचा धूर कळतो. निमा अंगणाबाहेर उभी राहून मुलीचं नाव घेऊन हाक मारायची. आत भांडं वाजायचं, कोणी खोकायचं, पण ओ येत नसे. दुसऱ्याच्या दारात सारखं ओरडू नये, म्हणून ती पुढच्या घरी जायची. तिथेही तेच. अशी ती कितीतरी दिवस रिकाम्या हाताने परतली. "काका, माणसं आत बसलेली असतात. मी हाक मारली की श्वास धरतात," ती सांगायची, आणि सांगताना तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसायचा.

उलगडा लाडकीआजीने केला. जमनी म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती, तिची ही आजी. एक दिवस ती धुक्यातून बाहेर आली, निमाचा हात धरून दाबून पाहिला आणि म्हणाली, "ऊन लागतं हाताला. मग एकदाच का हाक मारतेस गं? मेलेलं एकदाच बोलवतं. जितं माणूस परत बोलवतं. तीनदा मार, मग देऊ ओ."

निमाने ते मनावर घेतलं. पुढची सगळी वर्षं ती प्रत्येक दारात तीन हाका मारत राहिली. मला म्हणाली, "शाळा काढणारे, भाषण करणारे, सगळे एकदा हाक मारून गेले. लोकांनी त्यांना काय समजायचं?" जमनीला घरच्यांनी दोनदा शाळेतून काढलं, दोनदा निमाने परत आणलं. यंदा ती दहावीला आहे. पाड्यावरून दहावीला बसणारी पहिलीच.

निमाचं तेरावं झालं आणि पाटलांकडे निरोप आला, जमनी शाळेत येत नाही. मैत्रिणी लग्न होऊन गेलेल्या. पाटलांच्या पायात बळ नव्हतं. रविवार सोडून मी कधी रजा घेत नाही, ती घेतली आणि पहाटेच्या बसने गेलो.

जमनीचा बाप रुपजी अंगणात शेकत बसला होता. मी परीक्षेचं काढलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पोरीला शाळेत जायचंय. पन ती निमाबाई बोलवते ना. रोज. एकदाच." मग खालच्या आवाजात, "चांगली होती बाई. पन आता तिकडची झाली. वाटेत नेली तर?" मी समजावलं, धुक्यात आवाज लांबून येतो, कोणी शेळीला हाक मारत असेल. जमनी दारात उभी होती, एक वेणी घातलेली, दुसरी मोकळी. 

आणि हाक आली.

"जमनेऽऽ..."

वाटेच्या बाजूने, ताडाच्या झाडाजवळून. शेवटचं अक्षर वर उचललेलं, खानदेशी वळणाचं. भिंतीपलीकडून मी तो आवाज इतकी वर्षं ऐकला आहे. कोंबड्या गप्प झाल्या. रुपजीने मान वर केली नाही. मी उठून ताडापर्यंत गेलो. गवतावर दव होतं आणि त्यात माझ्याच पावलांची वाट उमटलेली होती. दुसरी नव्हती. जे पाहिलं ते लिहितो आहे. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

परत आलो तेव्हा सगळे श्वास धरून होते. निमाने आयुष्य घालून या दारातून एक मुलगी दहावीपर्यंत आणली, आणि आता तिच्याच आवाजाने ते दार बंद होणार होतं. ते मला सोसवेना. मी रुपजीला विचारलं, "तीन लागतात ना? एक झाली." आणि ताडाकडे पाठ करून हाक मारली, "जमने!" परक्याच्या मुलीला असं मी कधी बोलावलं नव्हतं, आवाज चिरकला. रुपजी दचकून उठला. "साहेब, नको!" मी तोंड उघडणार तोच झोपडीच्या कडेला बसलेल्या लाडकीआजीने फाटक्या आवाजात हाक दिली, "जमने!"

बराच वेळ काहीच नाही. मग दारातून आलं, "ओ!"

जमनीने दुसरी वेणी चालता चालता घातली. रुपजी आमच्या पुढे चालला, शाळेच्या पायरीपर्यंत, सारखा मागे बघत.

परीक्षा जवळ आली आहे. जमेल त्या सकाळी मी जातो. नसलो की दुसरी हाक रुपजी मारतो, असं जमनीने सांगितलं. तिसरी आजीची ठरलेली. धुक्यात आम्ही अंगणात उभे राहतो, ताडाकडे न बघता, आणि थांबतो... पहिली हाक आम्ही कोणी मारत नाही.